डीजे नावाचा माणूस: लांब रात्रीच्या कलेचा इतिहास

१/
अहिल्यानगर जिल्ह्यातील कोणत्याही गावी मिरवणुकीच्या दिवशी ‘डीजे आला’ असे कोणी म्हटले, तर एखादा माणूस आला असे कोणालाही वाटत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा ट्रकवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत आली, एवढाच त्याचा अर्थ. डीजे ‘लावतात’, डीजे ‘वाजतो’, डीजे ‘बंद पाडतात’. मराठीने हा शब्द पुल्लिंगीच ठेवला, पण त्यातला माणूस मात्र काढून टाकला. हा धागा त्या हरवलेल्या माणसाचा आहे: तो कोण होता, रात्रभर नेमके काय करत असे, आणि शेवटी त्याला एका लहानशा खोलीचा आश्रय का घ्यावा लागला.

२/
या भिंतीचे दुसरे नाव ‘डॉल्बी’. या नावामागेही एक माणूस आहे. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली. तिला पहिली कीर्ती मिळाली ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. नको असलेला आवाज काढून टाकून हवा तो स्वर निर्मळ ऐकवावा, हे त्या माणसाचे काम होते. पश्चिम महाराष्ट्रात त्याचेच नाव खिडक्यांच्या काचा हादरवणाऱ्या आवाजाला चिकटले. शब्दांचा इतिहास कधी कधी असा उलटा चालतो.

३/
‘डीजे’ म्हणजे डिस्क जॉकी. डिस्क म्हणजे ध्वनिमुद्रिकेची तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्याचा स्वार. अमेरिकन नभोवाणीच्या जगात १९४० च्या आसपास हा शब्द रूढ झाला. गाणे आपले नसले तरी ते कोणत्या क्षणी, कशानंतर आणि कोणत्या शब्दांनिशी ऐकवायचे, हे ठरवणारा तो स्वार. आपल्याकडे या कामाचा सर्वात लाडका आवाज अमीन सयानींचा. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि गाणी निवडून, क्रम लावून सादर करणारा माणूसही लोकप्रिय होऊ शकतो, हे देशाने अनुभवले.

४/
नभोवाणीवरचा डीजे गाण्यांच्या मधल्या जागेत बोलत असे. नृत्यगृहातल्या डीजेने ती मधली जागाच नाहीशी केली. दोन टर्नटेबले, मध्ये मिक्सर आणि कानाला हेडफोन, एवढी त्याची सामग्री. एक तबकडी सभागृहात वाजत असताना दुसरी तो फक्त स्वतःच्या कानात ऐकतो, तिची गती पहिलीशी जुळवतो आणि कोणाच्याही लक्षात न येता एकीतून दुसरीत जातो. जपानमध्ये तयार झालेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या यंत्राची १९७९ सालची सुधारित आवृत्ती या कामाचे जगन्मान्य साधन ठरली. तिच्यावरच्या एका सरकत्या कळीने तबकडीची गती आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येत असे.

५/
हे कसब समजून घेण्यासाठी थोडे गणित. एका रचनेत मिनिटाला १२२ ठोके आहेत, दुसरीत १२५. दोन्ही एकत्र वाजवल्या तर काही क्षणांतच ठेके एकमेकांना अडखळू लागतात. म्हणून पहिलीची गती सुमारे अडीच टक्क्यांनी वाढवावी लागते. एवढ्याने भागत नाही. या संगीताची वाक्ये बहुधा ३२ ठोक्यांची असतात. मिनिटाला १२५ ठोके या गतीने असे एक आवर्तन साधारण १५ सेकंदांत पूर्ण होते. नवी रचना आवर्तनाच्या समेवरच यायला हवी. तबलजीला जे बोटांनी साधावे लागते, ते डीजेला कानांनी साधावे लागते.

६/
या कलेचे एक मूळ घर शिकागोत आहे. तिथे १९७७ साली ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब सुरू झाला आणि फ्रँकी नकल्स हा तरुण तिथला डीजे झाला. तिथे येणारे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण होते. शहरातल्या बहुतेक दारांआड त्यांना जागा नव्हती, म्हणून हे एक दार त्यांचे होते. १९७९ च्या जुलैत याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर जमावाच्या जल्लोषात डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्यात आला. मोठ्या मैदानाने जे संगीत धुडकावले, ते लहान खोलीने जपले. ‘वेअरहाऊस’च्या नावावरूनच त्या संगीताला ‘हाऊस’ म्हणू लागले.

७/
याच सुमारास मुंबईत एक विलक्षण गोष्ट घडली. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली एक तबकडी काढली. तिची कल्पना नावातच होती: डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. त्यासाठी त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तेव्हा नुकतीच आलेली यंत्रे वापरली. त्यांपैकी टीबी-३०३ या यंत्रातून पुढे काही वर्षांनी शिकागोत ‘अ‍ॅसिड हाऊस’ जन्मले. मुंबईची ती तबकडी फारशी खपली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरचे श्रोते थक्क झाले. चरणजित सिंगांना उतारवयात युरोपच्या रंगमंचांवर ती वाजवता आली. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

८/
आता गोव्याकडे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतले भटके तरुण बार्देश तालुक्यातल्या हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर मुक्काम करू लागले. त्यांच्यात सॅन फ्रान्सिस्कोचा गिल्बर्ट लेव्ही होता. जन्म १९५१ चा. १९७० च्या सुमारास तो भारतात आला, जुन्या आखाड्याच्या साधूंमध्ये राहिला आणि त्यांच्याकडून दीक्षा घेऊन बाबा मंगलानंद झाला. जगाने मात्र त्याला ‘गोवा गिल’ याच नावाने ओळखले.

९/
सुरुवातीला किनाऱ्यावर गिटार आणि ढोल वाजत. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथे इलेक्ट्रॉनिक संगीत शिरले. फ्रेड डिस्को आणि लॉराँ ही त्या बदलातली दोन नावे. गाण्यातले शब्द नाचणाऱ्याला जमिनीवर परत आणतात, असे या मंडळींचे मत होते. म्हणून लॉराँसारखे डीजे गाण्यांतला गायनाचा भाग कापून केवळ वाद्यांचे तुकडे एकमेकांना जोडत. शब्द गळाले, ठेका लांबला आणि एका रचनेची सीमा कुठे संपते हे कळेनासे झाले. गोवा गिल याच वाटेवरून पुढे गेला.

१०/
गोव्यात तबकड्या चालत नसत. ऊन, धूळ आणि खारी हवा यांनी त्या वाकतात, चरे पडतात. म्हणून इथल्या डीजेंनी कॅसेट स्वीकारली. सोनीच्या ‘वॉकमन प्रोफेशनल’ या दोन छोट्या यंत्रांवर रात्रच्या रात्र वाजवली जाई. पुढे डिजिटल ध्वनिफीत, म्हणजे ‘डॅट’, आली. तिची गती हाताने जुळवण्याची सोय सहसा नसे. तेव्हा एक रचना विरत असताना दुसरी उगवू द्यायची, ही रीत पडली. गोव्याच्या शैलीतल्या अनेक रचनांना ठेका नसलेली लांब सुरुवात आणि लांब शेवट असतो, त्याचे एक कारण हे आहे. एका किनाऱ्याच्या हवामानाने संगीताचा आकार ठरवला.

११/
गोवा गिलची बैठक चोवीस तास आणि कधी त्याहूनही अधिक चाले. तिचा आराखडा निश्चित असे. अंधार दाटताना संगीत गडद आणि कठोर, मध्यरात्रीनंतर ‘मी’पणा विसरायला लावणारे, आणि पूर्वेला उजाडू लागले की स्वर उघडत, हलके होत जायचे. पहाटेचा राग पहाटेच का गायचा, हे ज्याला भारतीय संगीताने शिकवले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. त्या अंगणाच्या कडेला कंदील लावून, चटया अंथरून स्थानिक बाया चहा-खाणे विकत. एका रात्रीच्या मिळकतीवर त्यांचे घर चाले. त्याच गावात आवाजाने झोप उडालेली घरेही होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१२/
इंग्लंडमध्ये याच काळात दुसरा प्रवाह वाहत होता. शिकागोचे हाऊस तिथे पोचले, मोठे झाले आणि लवकरच उथळही होऊ लागले. पियानोचा एक तुकडा, ओरडणारा एक आवाज आणि दर दोन मिनिटांनी उसळी, असा ठरलेला साचा झाला. त्याला कंटाळलेल्या काही संगीतकारांनी लांब, खोल, हळूहळू उलगडणाऱ्या रचना केल्या. ‘मिक्समॅग’ या नियतकालिकात १९९२ साली डॉम फिलिप्स या पत्रकाराने या प्रवाहाला ‘प्रोग्रेसिव्ह हाऊस’ हे नाव दिले. हेच फिलिप्स २०२२ साली अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर वार्तांकन करताना मारले गेले.

१३/
‘प्रोग्रेसिव्ह’ या शब्दाचा इथला अर्थ ‘पुरोगामी’ नव्हे, ‘पायरीपायरीने पुढे जाणारे’ असा घ्यावा. आठ-दहा मिनिटांच्या रचनेत आधी फक्त ठेका, मग खर्जातला एक घोळणारा स्वर, मग वर एखादी धूसर सुरावट. प्रत्येक आवर्तनात एखादीच गोष्ट बदलते. ऐकणाऱ्याला बदल जाणवत नाही, बदललेली अवस्था जाणवते. ख्यालगायक विलंबित लयीत एकेक स्वर उघडत षड्जापर्यंत पोचतो, तेव्हा त्या षड्जाला जे वजन येते, ते थेट षड्ज लावल्याने येत नाही. या संगीताचे सारे बळ अशा वाट पाहायला लावण्यात आहे.

१४/
मार्च १९९२ मध्ये इंग्लंडातल्या मॅन्सफिल्ड या खाणकामगारांच्या गावाकडच्या शहरात ‘रेनेसाँ’ नावाचा क्लब सुरू झाला. तिथे साशा आणि जॉन डिगवीड हे दोन तरुण वाजवू लागले. १९९४ साली त्यांच्या तिथल्या शैलीचा तीन सीडींचा संग्रह निघाला, १९९६ साली ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ आला. पुढे न्यूयॉर्कच्या ‘ट्वायलो’ क्लबात दर महिन्याच्या एका शुक्रवारी ते रात्री सुरुवात करत आणि उजाडेपर्यंत वाजवत. २००१ साली तो क्लब बंद झाला. डिगवीड यांनी मात्र पुढेही लांब रात्रीचा आग्रह सोडला नाही. मॉन्ट्रियलच्या ‘स्टीरिओ’ या क्लबात त्यांनी वाजवलेली एक रात्र २०१६ साली सीडींच्या संचात प्रसिद्ध झाली.

१५/
गोव्याचा प्रवाह आणि इंग्लंडचा प्रवाह उघडपणे एकत्र आले ते १८ डिसेंबर १९९४ रोजी. पॉल ओकनफोल्ड या इंग्लिश डीजेने बीबीसी रेडिओ वनवर दोन तासांचा एक सलग कार्यक्रम सादर केला, तो ‘गोवा मिक्स’ म्हणून प्रसिद्ध आहे. गोव्याच्या शैलीतल्या रचनांमध्ये त्याने चित्रपटांचे पार्श्वसंगीत गुंफले होते. हणजूणच्या वाळूत कॅसेटवर घडलेली एक रीत ब्रिटिश घराघरांत पोचली. पुढच्या काही वर्षांत ‘गोवा’ हे जगभरच्या तबकड्यांच्या दुकानांत एका शैलीचे नाव झाले.

१६/
नेमक्या याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने एक कायदा केला. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन या माळरानावर हजारो तरुण अनेक दिवस नाचत राहिले होते आणि त्यावरून देशात मोठा गहजब झाला होता. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्याने उघड्यावर रात्री शंभर किंवा त्याहून अधिक लोकांनी मोठ्या आवाजात नाचण्याच्या मेळाव्यांवर पोलिसांना अधिकार दिले. ‘संगीत’ म्हणजे काय हे ठरवताना त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोक्यांचा खास उल्लेख करण्यात आला. ठेक्याची कायदेशीर व्याख्या करण्याचा हा अजब प्रसंग होता. परिणाम एकच: माळ रिकामा झाला आणि संगीत परवाना असलेल्या चार भिंतींत गेले.

१७/
भारतात हाच प्रवास काही वर्षांनी झाला. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. डेसिबलचे माप साधे नाही: दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ६५ डेसिबल हे ४५ च्या शंभरपट. या नियमाला एक अपवाद होता, तो म्हणजे बंदिस्त जागेत आतल्या लोकांपुरता वापर. सभागृहे, मेजवानीचे दिवाणखाने यांच्यासाठी ठेवलेल्या या अपवादाच्या दारातून रात्रीचा डीजे आत शिरला.

१८/
या नियमांना सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालाने बळ दिले. त्या खटल्याचे मूळ विसरता येणार नाही. १९९८ च्या जानेवारीतल्या वृत्तपत्रांत बातमी होती: तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होत असताना तिचा आक्रोश शेजारच्या ध्वनिवर्धकाच्या कल्लोळात कोणालाही ऐकू गेला नाही. त्याच दिवशी तिने स्वतःला पेटवून घेतले. या बातमीने अस्वस्थ झालेला एक नागरिक न्यायालयात गेला. दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकू येण्याचा हक्क, हा या कायद्याचा गाभा आहे. रात्री दहाचा नियम कलेचा वैरी म्हणून जन्मला, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

१९/
तरीही किंमत मोजावी लागली आणि ती फक्त गोव्याने मोजली नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवाच्या मैफली पहाटेपर्यंत रंगत. नव्या नियमांनंतर त्या रात्री दहाच्या आत आवरू लागल्या. वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, पण उघड्या मंडपातली सलग रात्र संपली. रात्रीचे आणि पहाटेचे राग त्यांच्या वेळेपासून तुटले. गोवा गिलच्या पहाटेचे जे झाले, तेच इथल्या भैरवाचे झाले.

२०/
अहिल्यानगर जिल्ह्याला ही किंमत तमाशाच्या तंबूत जाणवली. संगमनेर ही कांताबाई सातारकरांची कर्मभूमी. २०२१ साली तिथेच त्यांचे निधन झाले. गण, गौळण, बतावणी आणि मग वग, अशी तमाशाची चढण असते. जत्रेत वगाला रंग चढे तो मध्यरात्रीनंतर. दहाच्या काट्याने फडांची पंचाईत केली: खेळ लवकर सुरू करावा तर जत्रेकरू जेवणात, उशिरा करावा तर पोलीस दारात. कापला जातो तो बहुधा वगच, म्हणजे चढणीचा माथा. लांब आकाराची कला घड्याळाला सर्वात आधी बळी पडते.

२१/
याच जिल्ह्यात जामखेडला संगीत बारीची कलाकेंद्रे आहेत, आणि तिथे लहान खोलीचे बळ दिसते. बैठकीच्या लावणीत गायिका श्रोत्यांच्या हाताच्या अंतरावर असते. तीच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते, दर वेळी नवा भाव दाखवते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटले ते पाहून पुढची अदा ठरवते. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी हे कसब जन्मभर जोपासले. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही कला जपली ती समाजाने बरोबरीचे स्थान नाकारलेल्या बायांनी. शिकागोच्या ‘वेअरहाऊस’चा आणि जामखेडच्या माडीचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण दाराबाहेर ठेवलेल्यांनीच आतल्या खोलीची कला घडवावी, हे साम्य इतिहासात वारंवार आढळते.

२२/
भारतातल्या इलेक्ट्रॉनिक संगीतापुढे दहाच्या नियमानंतर दोन वाटा होत्या. दोन्ही २००७ साली ठळक झाल्या. डिसेंबरात गोव्यातल्या कांदोळीच्या किनाऱ्यावर ‘सनबर्न’ महोत्सव सुरू झाला. दिवसाउजेडी, प्रायोजकांसह, प्रचंड मंचावर. पुढे तो २०१६ साली पुण्यात आला. त्याच २००७ च्या अखेरीस मुंबईत लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ उघडला. १९८२ च्या संपानंतर ओस पडत गेलेल्या गिरणगावात, एका जुन्या गोदामात, वर्तुळाकार बैठका पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेल्या होत्या. कुठूनही मंच दिसावा आणि मंचावरूनही प्रत्येक जण दिसावा, अशी ती रचना. २०१६ साली तो बंद झाला.

२३/
महोत्सवात डीजेला साधारण तास-दीड तास मिळतो. समोर हजारोंचा समुदाय, मागे प्रकाशाचा खेळ. अशा वेळी वाट पाहायला लावणे परवडत नाही. दर काही मिनिटांनी उसळी द्यावीच लागते. म्हणजे ज्या साच्याला कंटाळून १९९२ साली प्रोग्रेसिव्ह हाऊस जन्मले, तोच साचा अधिक मोठ्या आवाजात परत येतो. यात वाजवणाऱ्याचा दोष थोडा आणि आकाराचा अधिक. मैदानातून शेवटच्या रांगेतला चेहरा दिसत नाही, आणि ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला आवाजानेच गाठावे लागते.

२४/
लहान क्लबातली बुजुर्ग डीजेची रात्र म्हणूनच निराळी. शे-दोनशे माणसे, खालचे छत, मंच जवळपास जमिनीच्या पातळीवर. पहिला तासभर तो खोली तापवत नाही, जोखतो. कोण गप्पांत आहे, कोणाच्या पायाने नकळत ठेका धरला, दाराशी किती जण घुटमळत आहेत. गती मिनिटाला १२० च्या खाली ठेवून तो जागा राखतो. सहा तासांच्या रात्रीत सरासरी सात मिनिटांच्या रचना धरल्या, तर पन्नास-एक रचना लागतात. त्यासाठी शेकडो सोबत असतात आणि कोणत्या पन्नास, हे समोरची माणसे ठरवतात. तरुण डीजेला भीती असते नाच थांबण्याची. मुरलेला डीजे ती जोखीम मुद्दाम घेतो: ठेका काढून घेतो, दोन मिनिटे फक्त एक स्वर तरंगत ठेवतो. नाचणारे थांबतात, पण कोणी जात नाही. मग ठेका परततो तेव्हा आवाज वाढवावा लागत नाही.

२५/
पण इथेही घड्याळ आहेच. मुंबईसारख्या शहरात परवान्याची वेळ सहसा रात्री दीडला संपते. सहा तासांची कला तीन तासांत मांडावी लागते. ख्याल सोडून फक्त द्रुत बंदिशी गायला सांगावे, तसे ते असते. गोवा गिल २६ ऑक्टोबर २०२३ रोजी निवर्तला. सूर्यास्त आणि सूर्योदय यांना एकाच बैठकीत बांधणारी त्याची रीत भारतात उघड्यावर चालवणे त्याच्या हयातीतच अशक्यप्राय झाले होते.

२६/
आता पुन्हा त्या भिंतीकडे. २०१८ सालच्या गणेशविसर्जनाच्या तोंडावर मुंबई उच्च न्यायालयाने ‘डीजे’वरची बंदी उठवण्यास नकार दिला. त्या बातम्यांत ‘डीजे’ हा शब्द सर्वत्र यंत्रासाठी वापरला होता आणि कोणालाही तो खटकला नाही. भिंतीवर डेसिबलचे माप लावणे योग्यच आहे. तिच्याजवळ सांगण्यासारखे दुसरे काही नसते. अडचण एवढीच की एकदा माणसाचे नाव भिंतीला दिले, की माणसासाठी नाव उरत नाही. मग गावातला एखादा मुलगा दोन रचनांच्या मधली जागा ऐकायला शिकत असेल, तर त्याने आपण काय शिकतो आहोत हे घरी कोणत्या शब्दाने सांगावे?

२७/
भिंतीला ऐकू येत नाही. डीजे नावाच्या माणसाचे सारे कसब ऐकण्यात होते: एका कानात चालू रचना, दुसऱ्या कानात येणारी रचना आणि डोळ्यांसमोर माणसे. ज्या नियमाने त्याची रात्र कापली, त्या नियमाचा गाभाही ऐकणे हाच होता. म्हणून या दोघांचे वैर खरे नाही. जिथे आवाज भिंतीबाहेर जात नाही आणि आतल्या प्रत्येकाचा चेहरा दिसतो, अशा लहान खोलीत कायदा आणि कला या दोघांनाही जागा होते. तिथे त्याला हवे असते ते आणखी थोड्या वेळाचे दान. आणखी आवाजाचे नव्हे.